काचबिंदूची शस्त्रक्रिया आणि नंतरची दक्षता

जुलै २०२३ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील एका वृत्ताने अनेकांना चिंतेत टाकले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन काही रुग्णांची त्या डोळ्याची दृष्टी गेल्याचे ते वृत्त होते. मोतीबिंदूनंतरचा असा संसर्ग बहुधा पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत उद्भवतो. तो काळ निर्विघ्न पार पडला की रुग्ण निश्चिंत होतो. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र इतके निश्चिंत होता येत नाही.

याचे कारण शस्त्रक्रियेच्या स्वरूपातच आहे. काचबिंदूत दृष्टीची नस क्षीण होत जाते आणि डोळ्यातील वाढलेला दाब हे त्याचे प्रमुख कारण असते. औषधाच्या थेंबांनी दाब आटोक्यात न आल्यास ‘ट्रॅबेक्युलेक्टॉमी’ करतात. केम्ब्रिजचे डॉ. केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्यासाठी वरच्या पापणीआड नवी वाट केली जाते. तेथे पातळ आवरणाखाली लहानसा फुगवटा तयार होतो. वाट बुजू नये म्हणून अनेकदा ‘मायटोमायसिन’ हे औषध वापरतात. परंतु त्यामुळे हे आवरण कधीकधी फारच पातळ होते व त्यातून द्रव झिरपू लागतो. अशा वेळी दाब उतरवणारी वाटच जंतूंना आत नेऊ शकते. म्हणून हा संसर्ग विरळ असला, तरी शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतो.

डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे, चिपडे वा सतत पाणी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ‘डोळे आले असतील’ असे समजून घरगुती उपाय करू नयेत. दुकानातून परस्पर थेंबही आणू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे आणि पूर्वीची शस्त्रक्रिया आवर्जून सांगावी. संसर्ग फुगवट्यापुरताच असेल, तर प्रतिजैविकांनी तो बहुधा आटोक्यात येतो. तो डोळ्याच्या आत पसरल्यास डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते, प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रियाही करावी लागते. आणि तरीही दृष्टी वाचेलच असे नाही.

डोळे चोळू नयेत, थेंब घालण्यापूर्वी हात धुवावेत, कुपीचे टोक डोळ्याला लावू नये आणि तपासणी चुकवू नये. शस्त्रक्रियेचा कागद पासबुकासारखा जपून ठेवावा व त्याची माहिती घरातील एकाला तरी द्यावी.