जमीन नगरपालिकेची, आकाश कोणाचे?

नागरिकशास्त्राच्या तासाला नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने उभे राहून एक प्रश्न विचारला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मामाकडे एका मोठ्या शहरी गेला होता. मामाने त्याला बक्षीस म्हणून एक लहानसा ड्रोन दिला होता. तो घेऊन मुले सार्वजनिक उद्यानात गेली, तोच रखवालदाराने त्यांना बाहेर काढले. शेजारीच दोन मुले पतंग उडवीत होती. त्यांना मात्र तो काही बोलला नाही. "सर, दोन्ही उडणाऱ्याच वस्तू, मग पतंगाला मुभा आणि ड्रोनला बंदी, हा कोणता न्याय?" असा त्याचा सवाल होता. तास संपला, पण प्रश्न संपला नाही. त्याचे उत्तर वर्गात अर्धवट राहिले, ते येथे सविस्तर देत आहे.

प्रथम एक गंमत सांगितली पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने पतंग हेसुद्धा वायुयानच आहे! १९३४ सालच्या वायुयान अधिनियमात 'वायुयान' या शब्दाची जी व्याख्या केली होती, तीत फुगे, हवाईजहाजे आणि ग्लायडर यांच्या पंक्तीला पतंगासही बसविले होते. संक्रांतीस गच्चीवर उभा असणारा प्रत्येक मुलगा त्या व्याख्येनुसार एका वायुयानाचा चालकच होता म्हणावयाचे! हा कायदा नव्वद वर्षे टिकला; १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. तेव्हा पतंग व ड्रोन यांतील भेद व्याख्येत शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. तो वजनात, यंत्रात आणि त्या यंत्राला असलेल्या डोळ्यात शोधावा लागेल.

वजनाचा हिशेब आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील सूत्राने करता येतो. तीस मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीच्या माथ्यावरून, एखादी वस्तू निसटली तर हवेचा विरोध सोडून दिल्यास ती भूमीवर आदळताना तिचा वेग सेकंदास सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास येतो. क्रिकेटच्या चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते. आता दोन किलोग्रॅम वजनाचा ड्रोन, मोटार बंद पडून किंवा विद्युत्‌घट संपून, तेवढ्या उंचीवरून बागेतील बाकावर बसलेल्या एखाद्या आजोबांच्या मस्तकावर पडला, तर साडेबारा चेंडू एकदम त्याच वेगाने आदळल्यासारखे होईल. हवेच्या विरोधाने हा वेग काहीसा कमी होतो हे खरे. परंतु फिरत्या पात्यांची धार या हिशेबात आपण धरलेलीच नाही. पतंग तुटला तर तो हेलकावे खात खाली येतो आणि मुले त्याच्यामागे धावतात. ड्रोन तुटला तर मुलांनी उलट दिशेने धावावे हे बरे.

म्हणूनच केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी जे ड्रोन नियम प्रसिद्ध केले, त्यांत वर्गवारीचा पाया वजन हाच धरला आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंतचा मायक्रो, पुढे २५ किलोपर्यंतचा लहान, दीडशे किलोपर्यंतचा मध्यम आणि त्याहून जड तो मोठा. नॅनो ड्रोन उडविण्यास चालकाचा परवाना लागत नाही. मायक्रो ड्रोनही धंद्यासाठी नव्हे तर केवळ हौसेसाठी उडविणाऱ्यास तो लागत नाही. ज्यांना परवाना हवा, त्यांचे वय किमान अठरा असावे लागते आणि दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी लागते. (दहावीचे आणखी एक महत्त्व विद्यार्थ्यांच्या ध्यानात यावे.)

याच नियमांनी देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे पाडले. हिरव्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगीवाचून उड्डाण करता येते. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटर अंतरात ही मर्यादा निम्म्यावर, २०० फुटांवर येते. आठ किलोमीटरच्या आत आले की परवानगीवाचून यंत्र उचलताच येत नाही. आपल्या भैंसा गावाला सर्वांत जवळचा चालू विमानतळ नांदेडचा. तो सरळ रेषेत सुमारे सत्तर किलोमीटर दूर आहे. तेव्हा विमानतळाच्या कारणासाठी आपल्या डोक्यावरील आकाशाला कुलूप घालण्याचे प्रयोजन नाही.

मग उद्यानाचा रखवालदार कोणत्या अधिकाराने बोलतो? येथे आपल्या राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडावी लागते. हवाई मार्ग, विमाने आणि विमान वाहतूक हे विषय संघसूचीतील २९ व्या नोंदीत आहेत. त्यांवर कायदे करणे हे संसदेचे काम. सार्वजनिक सुव्यवस्था आणि स्थानिक स्वराज्य हे विषय मात्र राज्यसूचीत आहेत. याचा अर्थ असा की, नगरपालिका आपल्या बागेच्या हिरवळीची मालक आहे, त्या हिरवळीवरील आकाशाची नव्हे. हिरवळीवरून यंत्र उडविण्यास वा तेथे उतरविण्यास ती मनाई करू शकते. पण बागेवरून जाणाऱ्या वायुमार्गाचे नियम तिला करता येणार नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने २०१४ च्या जूनमध्ये जी मनाई केली, तिची शब्दयोजना अगदी अशीच सावध आहे. उद्यानाच्या भूमीवरून वा पाण्यावरून ड्रोन उडविणे, उतरविणे, चालविणे निषिद्ध, एवढेच त्या खात्याने म्हटले. आकाशाचा कारभार दुसऱ्या खात्याकडे आहे हे ते विसरले नाही. ही मनाई उगाच आली नव्हती. त्या वर्षीच्या वसंत ऋतूत झायन उद्यानात एका ड्रोनने रानमेंढ्यांच्या कळपात पळापळ करून पिल्लांची आयांपासून ताटातूट केली होती. मनाईनंतरही ऑगस्टमध्ये यलोस्टोनच्या जगप्रसिद्ध रंगीत उष्णोदकाच्या झऱ्यात एकाचा ड्रोन जाऊन बुडाला!

आकाशाची मालकी किती उंचीपर्यंत, हा वाद ड्रोनपेक्षा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तर कॅरोलायनातील कॉस्बी नावाच्या एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून लष्करी विमाने अवघ्या ८३ फुटांवरून जात. कोंबड्या भयाने भिंतींवर आपटून मरू लागल्या. सुमारे दीडशे मेल्या, धंदा बसला. शेतकरी न्यायालयात गेला. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जमिनीची मालकी अनंत आकाशापर्यंत पोहोचते ही जुनी समजूत आता चालणार नाही. तथापि जमिनीचा उपयोग करता यावा यासाठी तिच्या लगतच्या वर जेवढा अवकाश लागतो, तेवढा मालकाचाच. विमानयुगातील एक महत्त्वाचा सिद्धांत अशा रीतीने कोंबड्यांनी मिळवून दिला.

आता तिसरा भेद, यंत्राच्या डोळ्याचा. पतंगाला डोळा नसतो. ड्रोनला कॅमेरा असतो. बागेत बायाबापड्या, लेकरे, वृद्ध विसाव्यास येतात. कोणी आपले चित्र वरून टिपीत आहे की नाही, ते कळण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. ड्रोन नियम आले ते त्यानंतर बरोबर चार वर्षे आणि एक दिवसाने. हा केवळ योगायोग असला तरी ध्यानात ठेवण्यास सोयीचा आहे.

या डोळ्याचे भय किती दाट असते, याचा अनुभव २०२४ च्या जून-जुलैत मराठवाड्याने घेतला. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील, तसेच पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागातील गावांवर रात्री दिवे लुकलुकणारी यंत्रे घिरट्या घालताना लोकांना दिसू लागली. चोर टेहळणी करीत आहेत अशी बोलवा उठली. गावोगाव तरुण काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागले. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. ज्याला आपण खेळणे म्हणतो, ते अंधारात दुसऱ्याच्या छपरावर घुटमळले की खेळणे राहत नाही.

अशा वेळी शासनापाशी दोन साधने असतात. पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाचा अधिकारी एखाद्या ठिकाणी तात्पुरता तांबडा पट्टा जाहीर करू शकतो. पण एका वेळी ९६ तासांहून अधिक नाही, आणि तो पट्टा शक्य तितका लहान असावा असे नियमच सांगतो. दुसरे साधन म्हणजे पूर्वीचे कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले. त्याचा आदेश दोन महिनेपर्यंत चालतो. या कलमाचा अर्थ भैंसा येथील मुलांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. २००८ आणि २०२० साली गावाने जे दिवस पाहिले, ते घरोघरच्या वडीलधाऱ्यांना स्मरतात. असे दिवस असताना कोणाही हौशी मुलाने यंत्र वर सोडू नये, यात वाद नाही.

वाद आहे तो नेहमीच्या दिवसांविषयी. मुंबईत २०१४ च्या मे महिन्यात एका उपाहारगृहाने ड्रोनने वरळीच्या एका उंच इमारतीवर पिझ्झा पोहोचविला. कौतुकाबरोबर पोलिसांची चौकशीही लागली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशभर खाजगी ड्रोनवर बंदीच घातली. ती डिसेंबर २०१८ च्या नियमांनी सैल झाली. तरीही मुंबईत पोलिसांचे मनाईहुकूम महिन्या-महिन्याच्या मुदतीने पुनःपुन्हा निघत आले आहेत, आणि त्यांत ड्रोनबरोबर पॅराग्लायडर व उष्ण हवेचे फुगेही येतात. त्या महानगराचे रक्षण ही थट्टेची गोष्ट नव्हे. २००८ चा नोव्हेंबर कोण विसरेल? परंतु १० जानेवारी २०२० च्या आपल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम १४४ चे आदेश एकामागून एक काढीत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग ठरतो असे बजावले आहे, तेही विसरून चालणार नाही.

माझ्या मते या बाबतीत पतंगाच्या मांजाकडे पाहावे. नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे पंख व माणसांचे गळे कापले जाऊ लागले, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी त्या मांजावर बंदी घातली; पतंगावर नव्हे. घातक भाग निवडून काढला आणि खेळ ठेवला. ड्रोनबाबतही असे का होऊ नये? विकाराबादेस सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोनने औषधे पोहोचविण्याचा उपक्रम आपल्याच तेलंगण राज्यात सुरू झाला. गावठाणांची मोजणी ड्रोनने होते, शेतावर फवारणी होते. या कामांसाठी सरकारला शिकलेले हात हवे आहेत. ते हात भैंसा, मुधोळ, धर्माबादसारख्या गावांतून यावयाचे तर मुलांनी सराव कोठे करावा? मोठ्या शहरातील मुलाला संस्था मिळते, शुल्क भरणारे वडील मिळतात. कापसाच्या व्यापारावर जगणाऱ्या गावातील मुलाला एक मोकळे मैदानच काय ते हवे असते. नगरपालिकेने एखाद्या मैदानाचा कोपरा रविवारी सकाळी दोन तास, शिक्षकांच्या देखरेखीखाली, हलक्या यंत्रांपुरता खुला ठेवला, तर उद्यानाच्या दारावर मनाईचा फलक लावण्यास कोणाचीच हरकत असणार नाही.

कव्वाल अभयारण्याच्या सहलीस मात्र यंत्र घेऊन जाण्याचा विचारही कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्राण्यांना छेडण्यास मनाई केलेली आहे. ती छेड हाताने काढली की पात्यांच्या आवाजाने, याने काही फरक पडत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी आपला ड्रोन शाळेत आणला. आम्ही तो प्रयोगशाळेतील तराजूवर ठेवला. वजन २४३ ग्रॅम भरले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मग कापूस वेचून झालेल्या एका शेताच्या मालकाची परवानगी काढण्यासाठी चौघे जण वर्गातून मोठ्या उत्साहाने निघाले, आणि घंटा होईपर्यंत परतले नाहीत.