लघवीची जळजळ : उन्हाळी की जंतुसंसर्ग?



जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत कपाशी, सोयाबीन, भुईमूग या पिकांत खुरपणीची घाई असते. पीक गुडघ्याएवढे असते आणि तण त्याच्याही वर जाऊ पाहते. तणनियंत्रणाचे प्रयोग घेताना आमच्या प्रक्षेत्रावर एक गोष्ट दरवर्षी दिसते. सकाळी आठला कामावर आलेल्या भगिनी दुपारच्या भाकरीपर्यंत पाण्याला हात लावीत नाहीत. घागर बांधावर भरलेली असते. याचे कारण विचारले तेव्हा एका जुन्या जाणत्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितले, "पाणी प्यालं की जावं लागतं. अन् जायचं कुठं?" सप्टेंबरात तूर डोक्याएवढी झाली की आडोसा मिळतो. जुलैच्या मोकळ्या शेतात, दोन्ही बाजूंना रस्ता असताना तो मिळत नाही.

हा विषय तसा वैद्यकाचा आहे. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा शेतातील कामाच्या पद्धतीत असल्याने पीकशास्त्राच्या माणसानेही तो मांडण्यास हरकत नसावी.

मूत्राशयात जंतू कसे पोहोचतात?

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात येते, तेथे साठते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. निरोगी माणसाच्या मूत्राशयात रोग निर्माण करणारे जंतू टिकत नाहीत, कारण दर काही तासांनी लघवीबरोबर ते धुतले जातात. या आजारास कारणीभूत होणारा प्रमुख जंतू म्हणजे ई. कोलाय. बहुसंख्य रुग्णांमध्ये हाच सापडतो. तो बाहेरून कोणाकडून लागत नाही. तो आपल्याच आतड्यात असतो. तेथे तो निरुपद्रवी असतो, पण गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. स्त्रियांना हा आजार अधिक होण्याचे मुख्य कारण हेच आहे. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात लाजण्यासारखे किंवा चारित्र्याशी संबंध जोडण्यासारखे काहीही नाही.

अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. या हिशेबाने एका जंतूपासून ८ तासांत दीड कोटीहून अधिक जंतू होतात. मूत्राशयात वाढीचा वेग नेहमीच इतका नसतो. तरीही सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत लघवी तुंबवून ठेवणे आणि पाणीही न पिणे म्हणजे जंतूंना वाफसा आलेली जमीन आयती देण्यासारखे आहे.

उन्हाळी आणि संसर्ग यांतील फरक

आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी किंवा ताक देतात. उन्हात घाम गेल्याने लघवी कमी व दाट होऊन आग होते, हे खरे. अशी जळजळ भरपूर पाणी प्याल्यावर त्याच दिवशी कमी होते व लघवीचा रंग फिकट होतो. जंतुसंसर्गात मात्र पाणी पिऊनही आग राहते. वारंवार व एकदम जोराची लागते, गेल्यावर थेंबभरच होते, ओटीपोटात दुखते, लघवी गढूळ किंवा घाण वासाची होते आणि कधी तीत रक्तही दिसते. घरगुती पेयांना आमचा विरोध नाही. त्यांतून पाणी पोटात जाते, हा त्यांचा मोठा गुण आहे. पण त्यांनी जंतू मरतील या भरवशावर आठवडा घालवू नये. खाण्याचा सोडा पाण्यातून घेण्याची चालही अनेक घरांत आहे. त्यात सोडियम असल्याने रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जळजळ नसताना भरपूर लघवी वारंवार होत असेल आणि तहानही फार लागत असेल, तर मधुमेहाची शंका घेऊन रक्त तपासावे. कमरेतून जांघेकडे कळ येत असेल तर मुतखडा असू शकतो. अंगावरून पांढरे जाणे, खाज येणे या तक्रारी वेगळ्या असून त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला व राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली, हे वाचकांना आठवत असेल. मूत्राशय आणि गर्भाशय हे शेजारी असले तरी निराळे अवयव आहेत. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गर्भाशय काढावे लागत नाही. ओटीपोटात दुखते व लघवीला आग होते एवढ्यावरून कोणी शस्त्रक्रिया सुचविल्यास आधी लघवीची तपासणी करून घ्यावी आणि शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

केव्हा थांबू नये?

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या ही लक्षणे दिसली तर संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजावे व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मळणी उरकून जाऊ, बाजारच्या दिवशी दाखवू, असे म्हणू नये. जंतू रक्तात पसरल्यास जिवावर बेतते.

गरोदर भगिनींनी अधिक जपावे. गरोदरपणात काही वेळा कोणतेही लक्षण नसताना लघवीत जंतू वाढतात व पुढे मूत्रपिंडाला सूज येणे, दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होणे, बाळाचे वजन कमी भरणे असे धोके संभवतात. म्हणून त्रास नसला तरी लघवी तपासावी आणि जंतू आढळल्यास औषध घ्यावे. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. त्यानुसार दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. गावातील आशाताईंकडून त्याची माहिती मिळते.

मधुमेह असलेली व्यक्ती, लहान मूल आणि कोणताही पुरुष यांना लघवीचा संसर्ग झाल्यास साधा समजू नये. वयस्क पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही व साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. शेताच्या टोकाला निचरा नसलेल्या वाफ्यात पाणी साचून पीक सडते, तसाच हा प्रकार आहे. तेथे नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

तपासणीचा नमुना

मातीचा नमुना बांधावरून किंवा शेणखताच्या ढिगाजवळून घेतला तर अहवाल फसवा येतो, हे आपण जाणता. लघवीच्या नमुन्याचेही तसेच आहे. जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची लघवी सोडून द्यावी आणि मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यावी. घरातली औषधाची रिकामी बाटली धुऊन वापरू नये. नमुना शक्यतो दोन तासांच्या आत पोहोचवावा. जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, सांगितली असेल तर नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. या अहवालास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. कोणत्या औषधाने जंतू मरतो व कोणत्याने मरत नाही, हे त्यातून कळते. पहिल्यांदाच झालेल्या साध्या त्रासात डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासात, गरोदरपणात आणि पुरुषांत मात्र ते करून घ्यावे.

औषध आणि प्रतिकारशक्ती

हरियाणा-पंजाबात गव्हातील गुल्ली दंडा या तणावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक फवारले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ते तण या औषधाला दाद देईनासे झाले. मूत्राशयातील जंतूंचे तेच झाले आहे. नॉरफ्लॉक्सॅसिन व को-ट्रायमोक्झॅझोल या गोळ्या एकेकाळी सर्रास लागू पडत. आज आपल्या देशात ई. कोलायचे अनेक प्रकार त्यांना जुमानीत नाहीत. म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणणे, शेजारणीच्या उरलेल्या चार गोळ्या घेणे, दोन दिवसांत आग थांबली की बाकीच्या ठेवून देणे, हे तिन्ही प्रकार सोडावेत.

साध्या मूत्राशयदाहात डॉक्टर सध्या बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन काही दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एकच मात्रा देतात. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यावे. त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्यास घाबरू नये. मूत्रपिंडाच्या संसर्गात ही औषधे पुरी पडत नाहीत, तेथे निराळी योजना करावी लागते. म्हणूनच औषधाची निवड व मात्रा डॉक्टरांवर सोपवावी. ४८ तासांत उतार न पडल्यास पुन्हा दाखवावे.

प्रतिबंध

पाण्याबाबत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी अधिक देण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, तर नेहमीइतकेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा. खर्च शून्य आणि परिणाम जवळपास निम्मा, असे निष्कर्ष आमच्या पीक प्रयोगांतही क्वचितच मिळतात!

लघवी लागली की तुंबवू नये व बसताना घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. शौचानंतर पाणी घेताना हात पुढून मागे न्यावा. मागून पुढे आणू नये. पती-पत्नी संबंधानंतर लघवीस जाऊन यावे. मासिक पाळीतील कापड किंवा पॅड कामाच्या दिवशीही वेळेवर बदलावे; कापड वापरत असल्यास ते उन्हात वाळवावे. साबण किंवा डेटॉलने आतून धुण्याने तेथील उपयुक्त जंतू मरतात व त्रास वाढतो, त्यामुळे ते टाळावे. पाळी बंद झालेल्या स्त्रियांत पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल तर लावण्याचे औषध मिळते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

हे सर्व भगिनींनी करायचे झाले. परंतु शेतात आडोसा नसेल तर पाणी प्या हा सल्ला त्यांच्या काय कामाचा? हे काम शेतमालकाचे आणि मुकादमाचे आहे. स्वच्छ भारत अभियानात २०१४ नंतर घरोघरी शौचालये झाली, पण दिवसाचे आठ तास बाई शेतात असते. चार बांबू, तीन बाजूंना जुने शेडनेट किंवा खताची उसवलेली पोती आणि पुढे पडदा, एवढ्यात आडोसा उभा राहतो. तो विहिरीपासून लांब, पण कामाच्या पट्ट्यापासून दोनशे पावलांच्या आत असावा. आत हातभर खोल खड्डा घेऊन वर दोन फरशा ठेवाव्यात, शेजारी पाण्याची बादली व तांब्या ठेवावा. खुरपणीचा पट्टा पुढे सरकला की बांबू उपटून आडोसाही पुढे न्यावा आणि खड्डा मातीने बुजवावा. एका बाईस कामाच्या वेळात ३ लिटर पाणी धरले तर दहा जणींच्या टोळीला ३० लिटर, म्हणजे दोन घागरी लागतात. घागरी बांधाच्या टोकाला न ठेवता तासाच्या मध्यावर सावलीत ठेवाव्यात आणि दर तासाला पाण्यासाठी पाच मिनिटे सुट्टी द्यावी.

मागील दोन खरिपांत आमच्या प्रक्षेत्रावर असा आडोसा केला. खुरपणीचा वेग कमी होईल अशी शंका काही सहकाऱ्यांनी घेतली होती. मजुरीच्या हजेरीपटात व झालेल्या क्षेत्रात तसा फरक आढळला नाही. घागर मात्र दुपारपूर्वी एकदा पुन्हा भरावी लागते.