पश्च मूत्रमार्ग झडपा : एकतीस मातांची चाचणी

मुलगा झाला की घरोघरी पेढे वाटले जातात. त्याच्या लघवीची धार कशी पडते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. सुमारे पाच ते आठ हजार मुलग्यांत एकाच्या मूत्रमार्गाच्या मागील भागात जन्मतःच पडद्यासारख्या झडपा असतात. बाल्टिमोरचे शल्यविशारद ह्यू यंग यांनी १९१९ साली त्यांचे वर्गीकरण केले. पडदा पातळ असतो, पण त्यापायी गर्भातच मूत्र तुंबते, मूत्राशयाची भिंत जाड होते आणि दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. गर्भजल हे बव्हंशी बाळाचे मूत्रच असल्याने ते आटते व फुप्फुसांची वाढ खुंटते.

मग गर्भातच मूत्राला वाट करून दिली तर? बाळाच्या मूत्राशयातून गर्भजलात नळी बसविण्याचा उपाय पारखण्यासाठी ब्रिटन, आयर्लंड व नेदरलँड्स येथे 'प्लूटो' ही चाचणी हाती घेण्यात आली. १५० मातांचा संकल्प होता; नोंदल्या गेल्या केवळ ३१. चाचणी मध्येच थांबवावी लागली. 'लॅन्सेट'मध्ये २०१३ साली निष्कर्ष आले. नळीच्या गटातील सोळांपैकी आठ बालके अठ्ठावीस दिवसांपलीकडे जगली, दुसऱ्या गटातील पंधरांपैकी चार. फरक आशादायक दिसतो. तथापि इतक्या अल्प संख्येत तो योगायोगही असू शकतो, हे संशोधकांनी लपविले नाही. दोन वर्षांनंतर मूत्रपिंडांचे कार्य प्राकृत राहिलेली बालके नळीच्या गटात दोनच होती.

याच 'लॅन्सेट'शी आपल्या परिसराचे जुने नाते आहे. सुलतान बाजार हा पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८९ साली येथे दुसरे क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग करून, क्लोरोफॉर्मचा धोका हृदयाला नसून श्वसनाला आहे, असे ठामपणे सांगितले. १९११ साली लेव्ही यांनी हृदयालाही धोका असल्याचे दाखवून दिले. प्रस्तुत लेखकास त्या ठामपणापेक्षा 'प्लूटो'ची कबुली अधिक मोलाची वाटते.

दुर्मीळ विकारात प्रत्येक रुग्णाची नोंद म्हणूनच अमूल्य ठरते, आणि ती बहुधा आपल्यासारख्या कुटुंबवैद्यांच्याच हाती असते. सोनोग्राफीत मुलाची दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली व मूत्राशय सतत भरलेले दिसले, अथवा जन्मानंतर लघवी ठिबकत राहिली, तर बालशल्यविशारदांकडे त्वरित पाठवावे. धार चांगली दिसली तरी विकार नाही, असे मात्र समजू नये. दुर्बिणीने झडपा काढल्या म्हणजे सारे संपले, हा समजही चुकीचा. मूत्राशयाचा ताठरपणा उरतो आणि मूत्रपिंडे पौगंडावस्थेतही निकामी होऊ शकतात. तोवर मुलगा बालरुग्णालयाच्या वयाबाहेर जातो, जुने कागद हरवतात. जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांतील क्रिएटिनिन आईचे प्रमाण दाखविते. त्यावर विसंबू नये. पहिल्या वर्षातील त्याचा नीचांक पुढील धोक्याचा उत्तम निदर्शक असतो. तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा व एक प्रत पालकांकडे द्यावी.