गाठ अंडाशयात, मूळ गव्हाणीत

सूनबाई, उद्यापासून गोठ्याची वही तुझ्याकडे. दुधाचा हिशोब तू माझ्यापेक्षा नेटका ठेवशील, त्याची मला काळजी नाही. पण गाय का राहत नाही, हेही त्याच वहीत वाचायचं असतं. ते आज सांगते.

चंद्री तुला आठवत नसेल. संकरित एचएफ, दुधाला भारी. व्यायल्यावर दोन महिन्यांनी ती दर आठवड्याला माज दाखवायला लागली. हंबरायची, शेजारच्या गायींवर उड्या मारायची, बळस टाकायची. मी समजले, माज जोरात आहे, आता राहणारच. तीनदा भरवली, तीनदा उलटली. मग डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवलं: अंडाशयात लिंबाएवढा काळा गोल. बीज त्यातून कधी सुटलंच नव्हतं. तीन रेतनं आणि माझे दोन महिने वाया गेले होते.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बीज पाण्याने भरलेल्या एका फोडात वाढतं. फोड मोठा होताना इस्ट्रोजेन सोडतो, म्हणून गाय माजावर येते. तेच इस्ट्रोजेन मेंदूला सांगावा देतं, मेंदू जीएनआरएच सोडतो आणि त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथीतून एलएचची मोठी लाट येते. त्या लाटेने बोराएवढा झालेला फोड फुटतो, बीज सुटतं. ही लाट आलीच नाही, अपुरी आली किंवा वेळ चुकली, तर फोड न फुटता वाढत राहतो. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा होऊन दहा दिवसांहून जास्त टिकला की त्याला सिस्ट म्हणतात. म्हणजे गाठ दिसते अंडाशयात, पण अडलेला असतो मेंदूचा हुकूम.

तो हुकूम का अडतो, ते नीट ध्यानात ठेव. ताजी व्यायलेली गाय दूध देते जास्त आणि खाते कमी. अंगावरची चरबी झिजवून ती कास भरते. रक्तातलं इन्सुलिन उतरतं, बीजाच्या फोडाची वाढ बिघडते आणि मेंदूचा इशाराही मंदावतो. त्यात वार अडकली, गर्भाशयात पू झाला, पाय लंगडा झाला किंवा पत्र्याखाली ऊन लागलं, की ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं आणि एलएचची लाट दाबून टाकतं. म्हणून गाठीचा इलाज व्यायच्या आधीपासून सुरू होतो.

भाकड काळात गाय लठ्ठ होऊ देऊ नकोस. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. लठ्ठ गाय व्यायल्यावर चारा सोडते आणि झपाट्याने झिजते. व्यायल्यावर पेंड हळूहळू वाढव, एकदम नको. चांगला मुरघास, कडब्याची कुट्टी, रोज खनिज मिश्रण आणि पुढ्यात कायम पाणी, एवढं चुकवू नकोस. बुरशी लागलेला मका किंवा मुरघास कधीच घालू नकोस. काही बुरशींचं विष गायीच्या अंगात इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि माजाचं चक्र बिघडवतं.

वार १२ तासांत पडली नाही तर ओढत बसू नकोस, डॉक्टरांना बोलव.

वहीत व्यायल्याची तारीख आणि प्रत्येक माज लिही, भरवायचं नसलं तरी. दोन माजांत १८ ते २४ दिवस असतील तर ठीक. सात-आठ दिवसांत पुन्हा माज दिसला तर रेतन करू नकोस, आधी तपासणी कर. आणि उड्या मारणारीच गाय आजारी असते असं समजू नकोस. काही गाठींची भिंत जाड होते, त्या प्रोजेस्टेरॉन सोडतात आणि गाय गप्प राहते. व्यायल्याला ६० दिवस झाले आणि माजाची नोंदच नाही, तर तीही दाखवायची. जुन्या गाठीने शेपटीच्या मुळाशी खड्डे पडेपर्यंत थांबायचं नाही.

इलाज डॉक्टरांवर सोड. व्यायल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आलेली गाठ पुष्कळदा आपोआप जिरते. टिकली तर पातळ भिंतीच्या गाठीला जीएनआरएचचं इंजेक्शन देतात आणि साधारण सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन. जाड भिंतीच्या गाठीला थेट प्रोस्टाग्लँडिन चालतं. कुणी हाताने दाबून गाठ फोडतो म्हणाला, तर फोडू देऊ नकोस. आत रक्तस्राव होऊ शकतो, अंडाशय चिकटू शकतं आणि गाय कायमची वांझ होऊ शकते. प्रोस्टाग्लँडिनने गाभण गाय गाभडते, म्हणून आधी तपासणी. आणि पोरी, हे औषध कातडीतूनही अंगात जातं. तुला दिवस गेलेले असतील तर त्या बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही.

एक आणखी. गाठीचा दोष वंशात उतरतो. ज्या गायीला दर वेताला गाठ येते, तिची कालवड पैदाशीला ठेवू नकोस, कितीही देखणी असली तरी.

चंद्री इंजेक्शनांनी बरी झाली, पण मी तिची गव्हाण सुधारली म्हणून पुढच्या वेताला गाठ आली नाही, असं मी मानते. गौरी चार-पाच दिवसांत व्याईल. तिची वार किती वाजता पडली, ही तुझ्या अक्षरातली पहिली नोंद.