होडीच्या मशीनचा पंखा कसा बदलायचा?

खाडीकाठी राहणाऱ्यांनी होडीमागे लावलेलं आउटबोर्ड मशीन नक्कीच पाहिलं असेल. त्याचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, खडकाला घासला की पाती वाकतात, होडी थरथरते आणि पेट्रोल जास्त जळतं. मग पंखा बदलावा लागतो. काम सोपं आहे, पण चुकलं तर बोटं जाऊ शकतात. म्हणून नीट वाचा.

आधी पंखा ओळखा

पंख्यावर १० × १३ असे आकडे असतात. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू फिरवला की तो पुढे सरकतो ना? तसंच हे. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर हा पंखा एका फेऱ्यात १३ इंच पुढे गेला असता. पण पाणी निसटतं, म्हणून प्रत्यक्षात अंतर कमी पडतं. पिच फार मोठा घेतला तर चढावर वरच्या गिअरमध्ये सायकल चालवल्यासारखं इंजिन दमतं. फार लहान घेतला तर इंजिन नुसतंच जोरात पळतं.

कृती

१. होडी किनाऱ्यावर घ्या. मशीन बंद करून न्यूट्रलमध्ये ठेवा, चावी काढा आणि स्पार्क प्लगची टोपीही काढा. हे कधीच टाळू नका! पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून चालू होता कामा नये.

२. पंखा फिरू नये म्हणून पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा.

३. स्प्लिट पिन सरळ करून ओढा. नट सोडवा. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा.

४. पंखा ओढून काढा. दांड्यावर जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असेल तर तो काढा. तो सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधाळ दिसू लागतं.

५. दांडा पुसून पाण्यात टिकणारं ग्रीस लावा. म्हणजे खाऱ्या पाण्याने पंखा जाम होणार नाही. मग सगळे भाग उलट क्रमाने बसवा, नट माहितीपुस्तिकेप्रमाणे आवळा आणि स्प्लिट पिन नवीनच घाला. जुनी तुटली तर नट सैल होऊन पंखा समुद्रात जाईल, आणि भर ओहोटीत होडी वाहत राहील.

एक महत्त्वाची गोष्ट

काही लहान मशीनमध्ये पंख्याला एक मऊ आडवी पिन असते. तिला शिअर पिन म्हणतात. पंखा खडकावर आदळला की ती तुटते. इंजिन ओरडतं, पण होडी हलत नाही. अशा वेळी तिच्या जागी खिळा ठोकायचा मोह होतो. तसं करू नका. ती पिन मुद्दामच कमजोर केलेली असते. स्वस्तातली पिन तुटते, म्हणून महागडे गिअर वाचतात. म्हणून होडीत दोन जादा पिना ठेवा.

विचार करा: घरातल्या विजेच्या जोडणीत असंच काम कोणता भाग करतो? उत्तर वहीत लिहा.