टोकाच्या डीपीवरून हिशेब

कोल्हापूर

चि. भाचीस,


ग्रामीण उपविभागात रुजू झालीस आणि पहिलंच काम लोड फ्लोचं मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. सॉफ्टवेअर तू पटकन शिकशील. त्याआधी एक फिडर कागदावर सोडव, एवढा माझा आग्रह आहे.

११ केव्हीचा, दहा किलोमीटरचा फिडर घे. तार रॅबिट. किलोमीटरला रेझिस्टन्स ०.५५ ओहम, रिअॅक्टन्स ०.३५ धर. सगळा भार टोकाला: १ मेगावॉट, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे ०.७५ मेगाव्हार. आधी टोकालाही ११ केव्हीच आहेत असं समजून करंट काढ आणि उपकेंद्रापासून घट वजा करत जा. टोकाला १०.२६ येतील. पण व्होल्टेज घसरलं की मोटार जास्त करंट ओढते, म्हणून नव्या व्होल्टेजवर पुन्हा करंट काढ: १०.२१. तिसऱ्या फेरीत १०.२०, आणि आकडा तिथंच बसतो. टोकाकडून करंट गोळा करत मागं यायचं, उपकेंद्राकडून व्होल्टेज उतरवत पुढं जायचं. फिडरला कितीही फाटे फुटले तरी रीत हीच. कॉलेजात शिकलेली न्यूटन-राफसन पद्धत टिन्नी आणि हार्ट यांनी १९६७ मध्ये मोठ्या जाळ्यांसाठी संगणकावर जमवून दाखवली. तिची झटपट रूपं मात्र आपल्याकडं अडखळतात, कारण या बारीक तारांत रेझिस्टन्स रिअॅक्टन्सहून मोठा असतो.

खरं काम भाराचा आकडा मिळवण्यात आहे, आणि तो ऑफिसात बसून मिळत नाही. नोंदीला पाच एचपी असलेल्या विहिरीवर साडेसातची मोटार सापडते. घरगुती लाइनवर सगळे एकाच वेळी सगळं वापरत नाहीत, तसा हिशेब उसाच्या पट्ट्यात धरू नकोस. थ्री फेज आली की ऑटो स्विचवरच्या मोटारी एकदमच उठतात, आणि उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. व्होल्टेज दहा टक्के कमी असेल तर मोटारीचा जोर ८१ टक्क्यांवर येतो. ती उठता उठत नाही, गुणगुणत तापते आणि वाइंडिंग जळतं. भर उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की त्या घराचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको. म्हणून लाइनमनला बरोबर घेऊन फिडर पायी फिर. कुठल्या खांबापासून तार बदलली, हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

स्टार्टरजवळचा कपॅसिटर चालू आहे का, तेही बघ. वरच्याच फिडरच्या टोकाला ६०० केव्हीएआरचा कपॅसिटर धरलास तर १०.२० चे १०.४२ होतात, एक मीटरही तार न बदलता. मात्र मोटारी बंद असताना तोच कपॅसिटर व्होल्टेज नको तितकं चढवतो, तेव्हा तो वेळेवर सुटायची सोय हवी. शेजारी सौर प्रकल्प आला असेल तर दुपारचा हिशेब वेगळा मांड. वीज उलटी वाहते आणि टोकाचं व्होल्टेज उपकेंद्राहून जास्त निघू शकतं.

आणि एक हिशेब पावसाळ्याआधी करून ठेव. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत महापुरानं आपल्या जिल्ह्यातली उपकेंद्रं बंद पडली. अशा वेळी दुसऱ्या बाजूनं लाइट फिरवून द्यावी लागते. दहा किलोमीटरचा रस्ता पंधराचा झाला तर तोच भार १०.२० ऐवजी ९.७५ वर येतो. ११ केव्हीला नऊ टक्के घट चालते, म्हणजे हद्द १०.०१ ची. त्या दिवशी कोणते फाटे आधी जोडायचे, गावाचं पिण्याचं पाणी आणि दवाखाना कुठल्या डीपीवर आहे, मोटारी कुठं थांबवायच्या, हे पाणी चढल्यावर ठरवता येत नाही.

पहिला फिडर झाला की टोकाच्या डीपीवर मोटारी चालू असताना व्होल्टेज मोज. कागदावरचा आणि मोजलेला, दोन्ही आकडे मला कळव. फरक कुठून आला ते आपण मिळून शोधू.

तुझा,
मामा