स्थिरक दंड : केव्हा सोडावा, केव्हा जोडावा

भिलाई नगरीतील सुपेला हा भाग ग्रेट ईस्टर्न रोडच्या काठी वसलेला आहे. या रस्त्याने पूर्वेस रायपूर आणि पश्चिमेस दुर्ग, राजनांदगाव व पुढे नागपूर गाठता येते. मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा आणि दुचाकी यांची येथे अखंड वर्दळ असते. याच सुपेल्याहून दक्षिणेकडे निघालेली जीप दल्ली-राजहराच्या डोंगराळ भागात पोहोचू शकते. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणारा हाच तो भाग. तेथे डांबरी रस्ता सोडला की भातखाचरांचे बांध, पावसाने कापलेल्या घळी आणि दगडगोट्यांनी भरलेले नाले आडवे येतात. एकाच गाडीला एकाच दिवशी या दोन्ही वाटा चालावयाच्या असतात. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीचा स्थिरक दंड सोडावा की ठेवावा, या वादाचे मूळ या दोन वाटांत आहे.

स्थिरक दंड, म्हणजेच स्टॅबिलायझर बार, हा स्प्रिंगच्या पोलादाचा एक गोल दांडा असतो. त्याचा आकार इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो. मधला आडवा भाग दोन रबरी बुशांच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो, आणि दोन्ही बाजूंचे हात लहान जोडदांड्यांनी डाव्या व उजव्या चाकाच्या आधारांशी जोडलेले असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, तर दांडा बुशांत नुसता फिरतो. त्याला काहीच काम पडत नाही. परंतु एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, की त्याला पीळ बसतो. हा पीळ उलगडू पाहतो आणि दोन्ही चाकांना पुन्हा समपातळीत आणण्यासाठी जोर लावतो. अशा दांड्याचे एक पेटंट १९१९ मध्ये कॅनडातील स्टीफन कोलमन यांना मिळाले होते.

दांड्याचा ताठपणा मुख्यतः त्याच्या व्यासावर अवलंबून असतो. तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटर व्यासाच्या जागी २४ मिलिमीटरचा दांडा बसविला, तर ताठपणा सुमारे दुप्पट होतो. अधिक चांगले पोलाद वापरल्याने दांडा अधिक ताठ होईल, अशी समजूत पोलादाच्या गावातही आढळू शकते. पण ती बरोबर नाही. साध्या आणि मिश्र पोलादाचा पिळाला होणारा विरोध जवळजवळ सारखाच असतो. मिश्रधातू व उष्णतासंस्कार यांमुळे एवढेच साधते, की अधिक पीळ सोसूनही दांडा कायमचा वाकडा होत नाही.

जुन्या जीपगाड्यांत या दांड्यावाचून काम भागत असे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप पाट्यांच्या स्प्रिंगांवर उभी होती. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही पाटेच होते. ताठ पाट्यांची जोडी गाडीच्या कलण्याला स्वतःच बराचसा विरोध करते. पुढे प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मऊ मळसूत्री स्प्रिंगा आल्या. त्यांवर गाडी वळणात अधिक कलू लागली आणि स्थिरक दंडाची गरज वाढली. २०२० मध्ये आलेल्या नव्या थार गाडीत पुढे-मागे मळसूत्री स्प्रिंगा आहेत आणि दोन्ही बाजूंना स्थिरक दंडही आहेत.

आता खडबडीत वाटेचा विचार करू. गाडीचे पुढचे डावे चाक बांधावर चढले आणि उजवे घळीत उतरले, की दांडा पिळला जातो. तो डाव्या चाकाला खाली दाबतो आणि उजव्याला वर ओढतो. परिणामी उजव्या चाकावरील भार घटतो; कधी ते अधांतरी राहते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, म्हणजे ज्या चाकाची पकड कमी त्याच्या मापाने दुसऱ्यालाही मिळतो. अधांतरी चाक गरगर फिरत राहते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे राहते. अशा ठिकाणी जोडदांडे सोडले, तर प्रत्येक चाक जमिनीचा चढउतार अनुसरू शकते आणि गाडी पुढे सरकते. हा लाभ अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत अधिक जाणवतो. जिची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, तिच्यात चाकाची हालचाल आधीच मर्यादित असल्याने तो कमी असतो. डिफरन्शियलला कुलूप लावण्याची सोय असेल, तर दंड सोडण्याची निकडही बरीच ओसरते.

रस्त्यावरील गणित मात्र वेगळे आहे. समजा, गाडीचे वजन १,८०० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १.५ मीटर आहे. वळणात गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट एवढा आडवा जोर आला, तर सुमारे ३३६ किलोग्रॅम भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. दंड असो वा नसो, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. दंड दोनच गोष्टी ठरवितो : गाडी किती कलेल, आणि या भारातील किती वाटा पुढच्या चाकांनी उचलावा व किती मागच्या.

केवळ पुढचा दंड काढला, तर मागील चाकांचा वाटा वाढतो. एका जोडीतील दोन चाकांवरील भारात जितकी अधिक तफावत, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी होते. त्यामुळे तीव्र वळणात गाडीचा मागचा भाग आधी घसरू लागतो, आणि चालकाला गाडी आपल्या मर्जीबाहेर फिरत असल्याचे एकाएकी जाणवते. पुढे थांबलेल्या रिक्षाला चुकविण्यासाठी चाक झटकन एकीकडे व लगेच दुसरीकडे वळविले, तर पहिला कल सावरण्याआधीच दुसरा येतो. उंच गाडीला हा दुसरा झोका अधिक धोक्याचा असतो.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. दंड सोडणे ही मंद गतीच्या वाटेपुरती सोय आहे. तो कायमचा काढून टाकणे ही रस्त्यावरील सुरक्षिततेतून केलेली उचल आहे. जीप रँग्लर रुबिकॉन या गाडीत बटणाने दंड सोडण्याची व्यवस्था आहे; पण वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेला, की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. निर्मात्यांनी ही मर्यादा इतकी खाली ठेवावी, यातच पुष्कळ काही आले.

हाताने दंड सोडणाऱ्याने काही नियम पाळणे आवश्यक आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, हातब्रेक लावून चाकांना दगड लावावेत. उंचसखल जागी दंडात पीळ साठलेला असतो आणि बोल्ट निघताच त्याचे टोक उसळून हात जायबंदी होऊ शकतो. दोन्ही बाजूंचे जोडदांडे सोडावेत. सुटलेले हात ब्रेकच्या नळीला, टायरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना लागणार नाहीत असे बांधून ठेवावेत. चाक आता नेहमीपेक्षा खाली उतरणार असल्याने ब्रेकची नळी ताणली जात नाही ना आणि मळसूत्री स्प्रिंग आपली बैठक सोडत नाही ना, हेही पाहावे.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. परतताना डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच, सपाट जागा पाहून दंड पुन्हा जोडावा आणि बोल्ट घट्ट आहेत याची खात्री करावी. थकलेला, चिखलाने माखलेला चालक 'घरी गेल्यावर पाहू' असे म्हणण्याचा मोह धरतो. परंतु घरापर्यंतच्या त्या वाटेवरच वेग असतो, वळणे असतात आणि इतर माणसे असतात. नाल्यात दंड जोडलेला राहिला, तर बहुधा गाडी अडकेल. महामार्गावर तो सुटलेला राहिला, तर त्याची किंमत गाडीबाहेरच्या कोणालाही मोजावी लागू शकते.